मुलांचे अंगण : मुंबईहून तेल अवीवपर्यंत

शहरांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा त्यांत किल्ले येतात, बंदरे येतात, गिरण्या, रेल्वे आणि लढाया येतात. दोन वर्षांचे मूल कडेवर घेऊन एखादी बाई संध्याकाळी कोठे जाऊन बसत असे, ही गोष्ट त्यांत सहसा येत नाही. तरीही आपल्या समाजाचा गेल्या दोनशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर ह्या एका प्रश्नावरून त्याचे टप्पे नीट मोजता येतात. कोकणातले अंगण सुटले आणि चाळीची गॅलरी आली. गॅलरी सुटली आणि शिकूनचा जिना व त्यापुढची मोकळी जागा आली. आता त्या शिकूनच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. प्रत्येक वेळी घर किती खोल्यांचे मिळणार ह्याची चर्चा आपण पुष्कळ केली. मूल कोठे रांगणार आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी आजी कोठे टेकणार, ह्याची चर्चा क्वचितच झाली. ती ह्या लेखात करण्याचा आमचा विचार आहे. योगायोग असा की, ह्या इतिहासात मुंबई आणि तेल अवीव ही दोन शहरे एकाच माणसाने जोडलेली आहेत, आणि त्या माणसाचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत. त्यामुळे त्यांस शनिवार तेली म्हणत, हे आपल्याकडे लहान मुलांनाही सांगितलेले असते. त्या गावांतल्या घराची ठेवण मात्र आता मुद्दाम सांगावी लागते. घरापुढे पडवी, पडवीपुढे शेणाने सारवलेले अंगण, आणि त्यापलीकडे वाट. मूल उंबरठ्याबाहेर पडले की अंगणात येई, आणि अंगणाबाहेर पडले की शेजाऱ्याच्या नजरेत येई. घरातली बाई वाल सोलताना किंवा तांदूळ निवडताना मुलाकडे एक डोळा ठेवू शके. मुलाला खेळायला नेणे असे वेगळे काम तिला नव्हते. हे काम शहराने निर्माण केले.

अठराव्या शतकात आपली कुटुंबे मुंबईस येऊ लागली. १७९६ साली सामुएल एझेकिएल दिवेकर ह्यांनी मांडवी भागात पहिले सिनेगॉग उभारले, आणि पुढे त्याच परिसरात इस्राएल मोहल्ला व सॅम्युएल स्ट्रीट ही नावे रूढ झाली. बंदराजवळचा हा भाग शहरातल्या अत्यंत दाट वस्तीपैकी एक. १८९६ सालच्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी मुंबईतला प्लेगचा पहिला रोगी ओळखला, तो ह्याच मांडवीत. कोंदट खोल्या, बोळांत न शिरणारे ऊन आणि तुंबलेली गटारे ही सरकारच्या डोळ्यांत तेव्हा खुपली. १८९८ साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुनी घरे पाडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, हेतू हा की समुद्राचा वारा आतल्या वस्तीत खेळावा. पुढे दादर-माटुंग्याच्या बाजूस त्याने नव्या वसाहती आखल्या आणि त्यांत पाच उद्यानांसाठी जागा राखली. तीच आजची फाइव्ह गार्डन्स.

परंतु ज्यांची घरे रस्त्याखाली गेली त्यांतल्या बहुतेकांच्या नशिबी दादरची बाग आली नाही. एक खोली आणि सामाईक गॅलरी असलेली चाळ आली. ह्या गॅलरीविषयी आपल्या लोकांच्या मनात आजही ओलावा आहे, आणि तो उगाच नाही. आठ-दहा बिऱ्हाडांची दारे एका रांगेत उघडी असत. मूल कोणाच्याही दारापुढे असले तरी ते कोणाच्या ना कोणाच्या देखरेखीखाली असे. स्वयंपाक चालू असताना पोर सांभाळण्याची सोय शहरात एवढीच होती. गॅलरीत उणे होते ते मातीचे, झाडाचे आणि धावण्याइतक्या लांबीचे. कठड्यापाशी मूल चढले की सगळ्या मजल्याचा जीव खाली-वर होई.

मुंबईत बागा नव्हत्या असे नाही. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली, आणि तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्याचा खर्च डेव्हिड ससून ह्या बगदादी यहुदी दानशूराने केला. मलबार हिलवरील टांगती बाग १८८१ सालची. आज ज्यास शिवाजी पार्क म्हणतात ते मैदान १९२५ साली लोकांना मिळाले. १९५२ साली कमला नेहरू पार्क झाला आणि त्यातला म्हातारीचा बूट पाहण्यास मुंबईभरची मुले लोटू लागली. आपल्या पिढीतल्या कित्येकांचा त्या बुटाच्या खिडकीतला फोटो अजून घरोघर सापडेल. पण ह्या यादीकडे आईच्या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. राणीची बाग आणि म्हातारीचा बूट ह्या सणावाराला, नवे कपडे घालून, बसचे तिकीट काढून जावयाच्या जागा होत्या. मैदाने होती ती क्रिकेट खेळणाऱ्या मोठ्या मुलांची. दीड वर्षाच्या मुलाला लागते ती रोजची जागा, घरापासून चार-पाच मिनिटांत गाठता येईल अशी. सणाची जागा आणि रोजची जागा हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढची सारी कहाणी त्याच्याभोवती फिरते.

हा फरक ज्याने ओळखला तो मनुष्य पॅट्रिक गेडीस. जन्म स्कॉटलंडमध्ये, १८५४ साली, शिक्षण जीवशास्त्राचे. एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ झालेल्या भागात तो कुटुंबासह राहावयास गेला, आणि पडीक कोपरे, घरे पडून रिकाम्या झालेल्या जागा शोधून त्यांच्या लहान लहान बागा करण्याचे काम त्याने हाती घेतले. ह्या बागांची आखणी त्याची मुलगी नोरा हिने केली. त्या बागा शेजारच्या गल्लीतल्या मुलांसाठी होत्या. मोठे उद्यान एक करण्याऐवजी लहान दहा करावीत, ती लोकांच्या दाराशी असावीत, आणि त्यांची राखण शेजाऱ्यांनीच करावी, हा त्याचा विचार तिथे पक्का झाला.

१९१४ साली गेडीस हिंदुस्थानात आला. इंदूर, बडोदे, लखनौ आणि इतर अनेक शहरांविषयी त्याने अहवाल लिहिले. त्या काळच्या इंजिनिअरांची रीत मुंबईच्या ट्रस्टसारखीच होती : नकाशावर पट्टी ठेवावी, रेघ ओढावी आणि रेघेत येतील ती घरे पाडावीत. गेडीसने त्यास विरोध केला. शहरात आधी पायी फिरावे, प्रत्येक गल्ली पाहावी, मोडकळीस आलेले एखाद-दुसरे घर काढावे आणि तेवढ्या जागेत झाड, विहीर, ओटा ह्यांची सोय करावी. बाकीची वस्ती हलवू नये, असे तो सांगे. बेताने शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यासारखी ही रीत. पाडलेल्या घरातली कुटुंबे जातात कोठे, हा प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारी. त्याचा मुलगा अ‍ॅलास्डेअर महायुद्धात मारला गेला आणि पत्नी अ‍ॅना हिंदुस्थानातच वारली, दोन्ही १९१७ साली. तरीही तो इथे राहिला. १९१९ पासून १९२४ पर्यंत तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र ह्या नव्या विभागाचा प्राध्यापक होता. डॉ. गो. स. घुर्ये ह्यांना पुढील शिक्षणासाठी विलायतेस धाडण्यात त्याचाच हात होता. म्हणजे आपले आजे-पणजे ज्या काळात मांडवी, डोंगरी, भायखळा येथे राहत होते, त्याच काळात त्याच मुंबईत हा मनुष्य शहर कसे असावे हे शिकवीत होता.

आता तेल अवीवकडे वळू. १९०९ साली याफोच्या उत्तरेस वाळूवर वसलेले हे नगर १९२५ पर्यंत सुमारे ३४ हजार वस्तीचे झाले होते आणि वाटेल तसे वाढत होते. जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठाच्या आराखड्यासाठी गेडीस १९१९ पासूनच ह्या देशात येत होता. महापौर मेइर दिझेनगोफ ह्यांच्या नगरपालिकेने त्याजकडे उत्तरेच्या विस्ताराची योजना मागितली, आणि १९२५ साली त्याने आपला अहवाल दिला. यारकोन नदीपर्यंतचा आजचा तेल अवीवचा मध्यभाग मुख्यतः त्याच अहवालावरून उभा आहे. २००३ साली युनेस्कोने ज्या श्वेत नगरीस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तिच्या रस्त्यांची बैठकही तीच.

ह्या योजनेची खुबी समजण्यास सोपी आहे. गेडीसने रस्त्यांचे दोन प्रकार केले. मोठे रस्ते रहदारीचे व दुकानांचे. लहान रस्ते केवळ घरांपर्यंत जाणारे. चार मोठ्या रस्त्यांमध्ये जो चौकोन उरे त्यास तो घरांचा गट समजे. त्या गटात शिरणारे लहान रस्ते अरुंद ठेवले आणि असे वळवले की, आरपार जाणाऱ्या गाड्यांना आत शिरण्यात काही फायदा नसावा. गटाच्या पोटात मधोमध एक लहान सार्वजनिक बाग, मुलांना खेळण्यास जागा, कोठे टेनिसचे मैदान. ह्याचा परिणाम असा की, घराच्या दारापासून बागेपर्यंत जाण्यास मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. आपल्या गावाकडच्या अंगणात जे आपोआप होते, ते त्याने तीन मजली घरांच्या शहरात नकाशाने घडवून आणण्याचा प्रयत्न केला. मुंबईच्या गल्ल्यांतून पायी फिरताना जे त्याने पाहिले ते त्याच्या डोळ्यांपुढे होते, असे आम्हांस वाटते.

योजनेतल्या सगळ्याच बागा झाल्या नाहीत. जर्मनीतून लोकांचा लोंढा आला, जमिनीचे भाव चढले, आणि काही गटांच्या पोटातली जागा इमारतींनी खाल्ली. पण ज्या झाल्या त्या आजही आहेत, आणि संध्याकाळी चार ते सात ह्या वेळात तिथे जाऊन पाहिले म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या रेघा कोणासाठी होत्या हे कळते. बाबागाड्या, आज्या, फिलिपाइन्सहून आलेल्या मदतनीस बाया, आणि वाळूत बसलेली मुले. त्याच काळात इमारती खांबांवर उचलण्याची पद्धत आली. खालच्या सावलीत, वारा खेळता असताना, लहान मुले खेळू लागली. रुंद रस्त्यांच्या मधोमध झाडांखाली पायवाट व बाके ठेवण्याची रोथशिल्ड रस्त्यासारखी रीतही लहान मुलांच्या आयांना फार उपयोगी पडली.

बागेबरोबर माणसेही लागतात, हे ह्या देशात स्त्रियांनी ओळखले. हेन्रिएटा सोल्ड ह्यांच्या हदासा संस्थेने १९१३ साली दोन परिचारिका जेरुसलेमास पाठवल्या आणि त्यातून पुढे माता-बालकांची केंद्रे निघाली. त्यांस तिपात हलाव, म्हणजे दुधाचा थेंब, असे नाव पडले, कारण तान्ह्या मुलांना निर्जंतुक दूध पोचवणे हे त्यांचे आरंभीचे काम होते. आपल्यापैकी ज्यांची मुले ह्या देशात जन्मली त्यांना हे नाव नवीन नाही. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात बर्था गुगेनहायमर ह्या अमेरिकन बाईंच्या देणगीतून हदासाने जेरुसलेमात खेळाची मैदाने सुरू केली. तिथे शिकलेले मार्गदर्शक असत, आणि यहुदी, मुसलमान व ख्रिस्ती अशा सर्व मुलांना प्रवेश असे. नुसते कुंपण घालून झोपाळा टांगला म्हणजे मैदान होत नाही. तिथे कोणी विश्वासाचे मोठे माणूस हवे, हा धडा त्या मैदानांनी घालून दिला.

१९४८ नंतर देशाची गरज एकदम बदलली. लाखो लोक आले, त्यांस छप्पर हवे होते. आर्ये शारोन ह्या वास्तुकाराच्या हाताखाली सरकारचा आराखडा तयार झाला व १९५१ साली प्रसिद्ध झाला. नवी शहरे लहान लहान शेजारांत विभागावी, प्रत्येक शेजारात बालवाडी, दवाखाना, दुकाने पायी पोचण्याइतकी जवळ असावीत, आणि शेजारांमध्ये हिरवे पट्टे असावेत, अशी त्यातली कल्पना. कागदावर ती फार चांगली होती. दिमोना, येरुहाम, बेर शेवा, किर्यात गात, अश्दोद येथे आपली कुटुंबे उतरली तेव्हा शिकून होते, त्यांच्यामध्ये मोकळी जागाही भरपूर होती. परंतु हिरवा पट्टा म्हणून नकाशात दाखवलेले जे काही होते ते नेगेवात पिवळे होते. पाणी महाग, झाडे लहान, ऊन रखरखीत, आणि वारा सुटला की धूळ. मुंबईत जागा कमी पडली होती. इथे जागा इतकी मोकळी, की ती कोणाचीच नव्हती.

ह्यावर उपाय म्हणून बेर शेव्यात १९६० च्या सुमारास एक वेगळा शेजार बांधण्यात आला. घरे खुजी, एकमेकांस लागून, प्रत्येकाला स्वतःचे बंद अंगण, आणि मधून सावलीच्या अरुंद गल्ल्या. जाणत्या वास्तुकारांनी वाळवंटात पुन्हा अंगण शोधले, असेच म्हणावे लागेल. बाकीच्या शिकूनांत हे काम रहिवाशांनी केले, आणि त्यात आपल्या बाया मागे नव्हत्या. इमारतीच्या प्रवेशापाशी पायऱ्यांवर, जिथे दुपारनंतर सावली येते तिथे, चटई पडे. भाजी निवडणे, गप्पा, आणि मुलांवर लक्ष ही तिन्ही कामे एकाच जागी चालत. तिथे मराठी बोलणाऱ्या आजीकडे मोरोक्कोच्या शेजारणीचे मूलही बसे, आणि तिला हिब्रू फारसे येत नसले तरी मुलाला ती समजे. उल्पानात जी भाषा आली नाही ती कित्येकींना ह्या पायरीवर आली. तिथे कोणी बाक ठेवले नव्हते, कोणी झाड लावले नव्हते. जागा फक्त योग्य ठिकाणी होती : दारापाशी, सावलीत, रस्त्यापासून आत.

युरोपात ह्याच सुमारास एक मोठा प्रयोग चालू होता. अ‍ॅम्स्टरडॅम शहरात १९४७ साली आल्डो व्हॅन आइक ह्या तरुण वास्तुकाराने बेर्टेलमानप्लाइन ह्या चौकात एक लहानसे क्रीडांगण केले. १९७८ पर्यंत अशी सातशेहून अधिक झाली. त्याच्या मागे नगररचना खात्यातल्या याकोबा मुल्डर ह्या बाई होत्या. साहित्य अगदी साधे : वाळूचा हौद, लोखंडी नळ्यांच्या कमानी, काही ठोकळे, बाके आणि झाडे. कुंपण नाही. वाळूच्या हौदाची कड मुद्दाम रुंद केलेली, मुलाने तिच्यावर वाळूचे लाडू मांडावे आणि आईने तिथेच टेकावे म्हणून. शेजाऱ्यांनी नगरपालिकेस पत्र लिहून आमच्या गल्लीत असे क्रीडांगण द्या म्हणून मागावे आणि नगरपालिकेने ते द्यावे, असे वर्षानुवर्षे चालले. आपल्या वाचकांना ह्यातली एक गोष्ट चटका लावील. जुन्या शहरात ज्या यहुदी कुटुंबांस छावण्यांत नेण्यात आले, त्यांच्या रिकाम्या घरांतले लाकूड १९४४-४५ च्या भुकेच्या हिवाळ्यात लोकांनी जळणासाठी काढून नेले आणि घरे कोसळली. शहरातल्या अशा पडीक तुकड्यांपैकी काहींवर पुढे मुले खेळू लागली. डेल्फ्ट शहरात रहिवाशांनी रस्त्यावरच झाडे व बाके आणून गाड्यांचा वेग पावलांवर आणला. १९७६ साली हॉलंडच्या कायद्याने असे रस्ते मान्य केले. ह्या देशात आजही अशा रस्त्यास रहोव होलांदी, म्हणजे डच रस्ता, म्हणतात.

उलट उदाहरण तेल अवीवच्याच हृदयात घडले. दिझेनगोफ चौक ही गेनिया अवेरबुख ह्या तरुण स्त्री-वास्तुकाराची रचना. १९३४ सालच्या स्पर्धेत तिचा आराखडा निवडला गेला तेव्हा ती पंचविशीत होती. १९३८ साली चौक खुला झाला. गोल बाग, मध्ये कारंजे, भोवती बाके, सगळे रस्त्याच्या पातळीवर. बाबागाडी ढकलत आलेल्या बाईला थेट आत जाता येई. पुढे गाड्या वाढल्या, आणि १९७८ साली चौक उचलून एका पुलावर ठेवण्यात आला; खालून गाड्या जाऊ लागल्या. १९८६ साली वर याकोव आगाम ह्यांचे आगीपाण्याचे रंगीत कारंजे बसले, तेही पाहण्यासारखे होते. पण वर चढावे लागे, आणि रोज कोण चढणार? चौक पाहण्याची वस्तू झाला, बसण्याची राहिला नाही. चाळीस वर्षांनी, २०१८ साली, शहराने तो पूल काढून चौक पुन्हा जमिनीवर आणला. तेव्हापासून तिथे मुले आहेत, आज्या आहेत, बाबागाड्या आहेत. ज्यांना शहर-नियोजनाचे पुस्तक वाचावयास सवड नाही त्यांनी एखादी संध्याकाळ त्या चौकात घालवावी.

मुलांना काय आवडते हे ठरवतानाही मोठ्यांचे अंदाज नेहमी बरोबर ठरत नाहीत. जेरुसलेमच्या किर्यात हायोवेल भागात निकी द सें फाल ह्या शिल्पकार बाईने १९७२ साली एक काळा-पांढरा राक्षस उभा केला. त्याच्या तोंडातून तीन लाल जिभा बाहेर येतात आणि त्यांवरून मुले घसरतात. मुले घाबरतील म्हणून आधी विरोध झाला होता. मुलांनी त्या मिफ्लेत्सेतला आपलेसे केले, आणि आता तेव्हाची मुले आपल्या नातवंडांना तिथे आणतात. म्हातारीचा बूट आणि हा राक्षस एकाच जातीचे, असे आम्हांस वाटते. फरक एवढाच की राक्षस शिकूनांच्या मधोमध उभा आहे, त्यामुळे तो तिथल्या मुलांची रोजची जागा झाला.

ह्या देशात आणखी एक गोष्ट जगाच्या इतर भागांपेक्षा निराळी आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. स्देरोत गावात भोंगा वाजल्यापासून आसऱ्याला पोचण्यास पंधरा सेकंद मिळतात. तिथल्या खेळाच्या मैदानात काँक्रीटचे रंगीत सुरवंट ठेवले आहेत. मुले त्यांत शिरून खेळतात, आणि भोंगा झाला की तेच मिक्लात होतात. २००९ साली तिथे छताखालचे, भक्कम भिंतींचे मोठे क्रीडागृहही झाले. दोन लहान मुले बरोबर असलेल्या आईने मैदानात जावे की घरात राहावे, हे मिक्लात किती पावलांवर आहे ह्यावर ठरते. अश्दोद आणि बेर शेवा येथील आपल्या कुटुंबांना हे आम्ही सांगावे असे नाही.

अलीकडच्या काळात ह्या विषयास पुन्हा जोर आला आहे, आणि त्यातही आपल्याला जवळचा धागा आहे. बेर्नार्ड व्हॅन लीअर हा हॉलंडमधला यहुदी कारखानदार, लोखंडी पिंपे बनवणारा. १९४१ साली नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमधून तो निसटला. १९५८ साली वारला. त्याच्या संपत्तीतून चालणाऱ्या प्रतिष्ठानाचे लक्ष त्याचा मुलगा ऑस्कर ह्याने लहान मुलांकडे वळवले. ह्या प्रतिष्ठानाने २०१६ साली 'अर्बन ९५' नावाचा कार्यक्रम सुरू केला. तीन वर्षांच्या निरोगी मुलाची सरासरी उंची ९५ सेंटिमीटर. त्या उंचीवरून शहर पाहा, असे त्यांचे नगरपालिकांना सांगणे. त्या उंचीवरून उभी गाडी ही भिंत असते, गाडीचा धूर नाकासमोर येतो, आणि फुटपाथची कड ही पायरी असते. तेल अवीव-याफो नगरपालिका ह्या कार्यक्रमात सामील झाली, आणि हिंदुस्थानातल्या शहरांपैकी पुणे महानगरपालिकाही. १९५६ साली पेशवे पार्कात फुलराणी धावू लागली तेव्हा पुण्याने मुलांना सणाची जागा दिली होती. आता त्याच शहरात वस्तीतल्या रोजच्या जागांचा विचार सुरू झाला आहे. रास्ता पेठेतल्या आपल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगला १९२१ पासून येणाऱ्या कुटुंबांपैकी ज्यांचे नातेवाईक अजून पुण्यात आहेत, त्यांना हे प्रत्यक्ष पाहता येईल.

ह्या सर्व उदाहरणांतून निघणारे नियम थोडे आहेत. जागा घरापासून पायी चार-पाच मिनिटांवर असावी. तिथे पोचण्यास मोठा रस्ता किंवा जिना आडवा येऊ नये. सावली असावी, आणि ह्या देशात तर ती सर्वांत आधी असावी, कारण उन्हात तापलेल्या रबरी फरशीवर व घसरगुंडीवर मूल पाय ठेवू शकत नाही. पिण्याचे पाणी आणि जवळपास संडास असावा. मोठ्यांसाठी पाठ टेकता येईल असे बाक असावे, आणि ते खेळण्याच्या जागेकडे तोंड करून असावे. हे शेवटचे क्षुल्लक वाटेल, पण मूल किती वेळ बाहेर राहील हे मुलापेक्षा आजीच्या गुडघ्यांवर अधिक अवलंबून असते.

हा इतिहास आत्ताच सांगण्याचे कारण आहे. आपल्या लोकांचे जुने शिकून आज एकेक करून पाडले जात आहेत. २००५ सालच्या तामा ३८ योजनेने, आणि त्याहून मोठ्या प्रमाणावर पिनुई-बिनुईने, चार मजल्यांच्या जागी पंधरा-वीस मजले उभे राहत आहेत. ह्यात वाईट काही नाही. नव्या घरात लिफ्ट मिळते, मामाद म्हणजे सुरक्षित खोली मिळते, आणि जिना चढू न शकणाऱ्या आपल्या वृद्धांना हे दोन्ही हवेच आहे. पण कागदावर सही घेण्यास माणूस येतो तेव्हा तो खोलीचे मोजमाप, बाल्कनी आणि गाडी ठेवण्याची जागा ह्यांविषयी बोलतो. दारापुढची ती सावलीची पायरी कोणाच्याच नावावर नसल्यामुळे तिच्याविषयी कोणी बोलत नाही. तीन इमारतींमधली मोकळी जागा तळघरातील गॅरेजच्या उतारात जाते, आणि मुलांची बाग म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात, मोठ्या रस्त्याच्या कडेला, एक हिरवा तुकडा दाखवला जातो.

पिनुई-बिनुईत मालकांच्या मोठ्या बहुमताची संमती लागते. म्हणजे सही करण्यापूर्वी विचारण्याचा अधिकार आपल्या हाती आहे, आणि सही झाल्यावर तो उरत नाही. तेव्हा आमची वाचकांस विनंती अशी की, आपल्या इमारतीची सभा भरेल तेव्हा घरातल्या आजीला आणि लहान मूल असलेल्या सुनेला मुद्दाम बरोबर न्यावे. नकाशा टेबलावर पसरवून तीन प्रश्न विचारावेत : मुलांची जागा दारापासून किती पावलांवर आहे, मध्ये गाड्यांचा रस्ता येतो की नाही, आणि जुलै महिन्यात चार वाजता तिथे सावली कशाची असेल. जी झाडे आज पन्नास वर्षांची आहेत ती नकाशात दाखवून ती राहणार की जाणार हे लिहून घ्यावे. नव्या रोपट्याची सावली पडेपर्यंत आजचे मूल सैन्यातून परत आलेले असेल. उत्तरे हिब्रूत मिळाली तर ती घरी मराठीत सांगावीत, म्हणजे ज्यांना तिथे रोज बसावयाचे आहे त्यांनाही आपले मत देता येईल.